मुक्या गाड्यांची परीक्षा

पेट्रोलच्या गाड्यांसाठी गळे काढणाऱ्या लोकांचा मला मनापासून कंटाळा आलाय. आमच्या वर्कशॉपमध्ये स्पोर्ट्स कार घेऊन येणारं प्रत्येक गिऱ्हाईक हल्ली हेच करतं. गाडी विकायला काढलेली असते, इलेक्ट्रिकचं बुकिंग झालेलं असतं, आणि जाता जाता बॉनेटवर हात ठेवून आम्हाला ऐकवतात, “हा आवाज आता पुन्हा नाही हो!” अरे बाबा, मग विकू नकोस ना! तुला कुणी बंदूक लावलीय का? सबंध जन्म त्या आवाजात उभा राहून बघ एकदा. घरी गेलो तरी डोक्यात घरघर चालूच असायची. साबणाची वडी संपते, पण नखांतलं काळं जात नाही. मला विचाराल तर गेलं ते बरं झालं. फक्त जाताना माझ्या भावाला सोबत नेऊ नये, एवढंच माझं म्हणणं होतं.

माझा मोठा भाऊ याच वर्कशॉपमध्ये. मला इथे चिकटवलं ते त्यानेच. मी पन्नाशी ओलांडली, केस गेले, पोट आलं, तरी तो मला छोट्याच म्हणतो. त्याला बाकी सगळे डॉक्टर म्हणतात. कारण त्याचा तो स्क्रूड्रायव्हर. हातभर लांब, लाकडी मुठीचा. चालू इंजिनला टोक लावायचं, मूठ कानामागच्या हाडाला टेकवायची आणि डोळे मिटायचे. तपासून झालं की निदान सांगायचं: बेअरिंग गेलंय, नाहीतर साखळी सैल झालीय. दर वेळी बरोबर असायचं असं नाही. चुकायचाही. आणि चुकला की दिवसभर तोंडाला कुलूप. पण गिऱ्हाइकांना तो देखावा आवडायचा. लाखोंच्या गाडीला डॉक्टर हवाच ना.

आता वर्कशॉप ओळखू येत नाही. इतकं शांत झालंय की भिंतीवरचं घड्याळ ऐकू येतं. गाड्या वर उचलायच्या बहुतेक लिफ्टांभोवती जमिनीवर पिवळी रेषा मारलीय, भोवती दोरी, आणि भिंतीवर एक लांब काठी टांगलीय, तिच्या टोकाला मोठा हुक. इलेक्ट्रिक गाडीच्या पोटात एवढी वीज असते की माणूस चिकटला तर सुटत नाही. म्हणून एकाने काम करायचं आणि दुसऱ्याने ती काठी घेऊन मागे उभं राहायचं. पुढचा ओरडला की त्याला हाताने शिवायचं नाही, हुक कमरेत घालायचा आणि खस्सकन मागे ओढायचं. मागे उभ्या राहणाऱ्याला कागदोपत्री काहीतरी भारदस्त नाव आहे. आम्ही त्याला बघ्या म्हणतो.

मालकांनी सगळ्यांना गोळा करून सांगितलं होतं, “परवाना नसेल त्याला पिवळ्या रेषेच्या आत पाऊल टाकता येणार नाही. वर्षअखेरीला पेट्रोलच्या लिफ्ट काढायच्या आहेत. परीक्षेला दोनदा बसता येईल. त्यानंतर मग धुलाई.” माणूस वाईट नाही. सांगताना त्याचाही चेहरा उतरला होता. पण धुलाई म्हणजे गाड्यांना साबण लावून फडकं मारायचं. ज्याने उभा जन्म इंजिनं उघडली आणि मिटली त्याच्या हातात बादली द्यायची. दादा नुसता “हं” म्हणाला. हल्ली तो बऱ्याच गोष्टींना “हं” म्हणतो.

त्याच आठवड्यात अंगणात तो चिरडता चिरडता वाचला. पांढरी इलेक्ट्रिक गाडी मागे येत होती, आणि हा गडी मधोमध उभा राहून हात पुसतोय. मी धावलो, कॉलर धरली आणि ओढला. दादा माझ्यावरच खेकसला. मग गाडीकडे वळला, “मुक्या गाड्या ह्या! आवाज नाही, काही नाही, थेट अंगावर!” ड्रायव्हर खिडकीतून डोकं काढून म्हणाला, “अहो काका, मघापासून टूं टूं वाजतंय की!” आणि वाजत होतं खरं. मलाही ऐकू येत होतं. पण मला वाटलं, दादा नव्या गाड्यांवर राग काढतोय. सगळ्यांना तसंच वाटलं. गाड्यांवर राग काढणं आमच्यात नवीन नाही.

माझा परवाना आधीच हातात आला होता. मग दादाची पहिली परीक्षा झाली. कंपनीकडून एक मॅडम आल्या होत्या. बारीक अंगाच्या, खणखणीत आवाजाच्या आणि कुणालाही कमी न लेखणाऱ्या. त्यांनी दादाला सगळं करून दाखवायला लावलं: घड्याळ, अंगठी, फोन, अंगावर जे काही असेल ते दोरीबाहेर काढून ठेवायचं; रबरी हातमोजे फुंकून बघायचे; वीज तोडायची चावी काढून कुलूप लावायचं; थांबायचं; मीटरवर शून्य आलेलं बघायचं. दादाने सगळं व्यवस्थित केलं. मी दोरीबाहेर उभा राहून मनात म्हणत होतो, झालं, सुटलो. मग गाडी पुन्हा चालू केली आणि मॅडमनी विचारलं, “आता हात न लावता सांगा, आत बॅटरी थंड ठेवणारा पाण्याचा पंप फिरतोय का?” गुणगुण बारीक होती, पण होती. मला बाहेरून कळत होती.

आणि दादाने काय करावं? हात मागे नेला, विजारीच्या मागच्या खिशातून तो स्क्रूड्रायव्हर उपसला आणि टोक लावलं थेट झाकणाला! चालू गाडीत, पिवळ्या रेषेच्या आत, उघडं लोखंड. मॅडम किंचाळल्या. सगळे हसले. रंगकामवाला तर म्हणाला, “डॉक्टर, पेशंटला शॉक देता काय?” मी कपाळावर हात मारला. झाकणाला टोक लागलं म्हणून लगेच कुणी मरत नाही. पण लोखंड आत नेलं की नापास, हे पहिल्याच दिवशी शिकवलेलं. अंगावरचं सगळं काढ म्हटल्यावर माणूस घड्याळ काढतो, अंगठी काढतो, आणि हातभर स्क्रूड्रायव्हर विसरतो! त्याला तो अंगावरचा वाटलाच नसेल. हात कुणी काढून ठेवतं का?

माझ्या डोक्यात तिडीक गेली. घरी जाताना रस्ताभर मी त्याला बडबड बडबड बडबडलो. तो माझ्यापुढे चालत होता. एका शब्दाने उत्तर नाही. मी म्हटलं, ठीक आहे, लाज वाटतेय, वाटू दे.

दुसऱ्या परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी मी त्याच्या घरी गेलो. बाहेरच्या खोलीत टीव्ही एवढ्या मोठ्याने चालू होता की दारावरची बेल कुणाला कळेना. वहिनींनी दार उघडलं, टीव्ही बंद केला आणि म्हणाल्या, “भाऊजी, जेवूनच जा.” मी म्हटलं, “आधी तालीम, मग जेवण.” गाडी कुठून आणणार? मी दादाला त्यांच्या फ्रीजसमोर उभा केला. हा पंप समज. हात पाठीमागे. हातभर अंतरावरून सांगायचं, चालू की बंद. बटण बाजूच्या कपाटामागे होतं. मी तिथे डोकं घातलं.

“चालू,” दादा म्हणाला. बरोबर होतं.

मी बटण बंद केलं. त्यांचा फ्रीज जुना. बंद होताना असा थरथरला की वरच्या बरण्या वाजल्या. मग घरात एकदम शांतता.

“चालू,” दादा म्हणाला.

“मस्करी पुरे हं दादा,” मी कपाटामागूनच म्हटलं. उत्तर नाही. “दादा, नीट सांग.” उत्तर नाही. मला राग आला. मी ओरडलो, “ए दादा!” आतल्या खोलीतून वहिनी धावत आल्या. आणि दादा तसाच, हात पाठीमागे बांधून, शाळेतल्या मुलासारखा, बंद फ्रीजकडे टक लावून उभा. माझ्यापासून दोन पावलांवर.

वहिनींनी हात घालून बटण चालू केलं. “पुरे करा, भाऊजी,” त्या म्हणाल्या. “समोरून बोललं की कळतं त्यांना. ओठ बघतात. पाठीमागून नाही.”

“कधीपासून?”

“बरीच वर्षं झाली. आधी उजवा गेला, मग डावा. तुम्हाला काय वाटलं, टीव्ही मी माझ्यासाठी एवढा मोठा लावते? कानातलं मशीन आणलं होतं. इंजिनापाशी त्यात नुसता गोंगाट होतो म्हणाले, आणि लोकांना दिसतं. कपाटात पडलंय. आणि उद्या तर ते लावूनही उपयोग नाही. अंगावरचं सगळं बाहेर ठेवायचं ना?”

दादा एव्हाना आमच्याकडे वळला होता. आमच्या तोंडांकडे बघत होता, आळीपाळीने. त्याला कळलं, आम्हाला कळलंय ते.

“इंजिनाला मला कान लागायचेच नाहीत, छोट्या,” तो म्हणाला. “हाडातून यायचं ते. पायातून यायचं. आता ह्या गाड्यांतून काहीच येत नाही. मी काय करू?”

पहिल्या परीक्षेनंतर रस्ताभर मी कुणाच्या पाठीशी भांडत होतो, ते मला आता कळत होतं. ताट सारल्यावर दादा माझ्या समोर येऊन बसला. “उद्या माझ्या परीक्षेला बघ्या म्हणून तूच उभा राहणार ना? मॅडमच्या अंगाने उभा राहा, मला दिसशील असा. पंप चालू असला तर डोळे मीट. बंद असला तर मिटू नकोस. बस, एवढंच.” जन्मात त्याने माझ्याकडे काही मागितलं नव्हतं. मागायचो तो मी. मी म्हटलं, “मिटतो.” वहिनी भांडी विसळत होत्या. त्यांनी मागे वळून पाहिलं नाही.

परीक्षेला मालक स्वतः आले होते. बाकीचे दोरीला रेलून उभे. दादाने अंगठी काढली, घड्याळ काढलं, आणि मग सगळ्यांना दिसेल असा तो स्क्रूड्रायव्हर खिशातून काढून बाकावर ठेवला. लोक हसले. तोही हसला. कुलूप, हातमोजे, मीटर, सगळं बिनचूक झालं. मी काठी घेऊन तिरपा उभा होतो.

“पंप?” मॅडमनी विचारलं.

गुणगुण होती. दादाने सहज माझ्याकडे पाहिलं. मी डोळे मिटले आणि उघडले.

“चालू आहे,” दादा म्हणाला.

“शाब्बास,” मॅडम म्हणाल्या आणि हसल्या. माझा जीव भांड्यात पडला. मला वाटलं संपलं. पण मॅडमनी माझ्या हातातली काठी घेतली आणि दादाच्या हातात दिली. “आता अदलाबदल. तुम्ही बघ्या.”

मी विसरलोच होतो! माझ्या परीक्षेत हे झालं होतं. पण गेल्या वेळी दादा पंपापाशीच अडला, गाडी इथवर आलीच नव्हती, आणि त्या फ्रीजपासून माझ्या डोक्यात फक्त पंप आणि पंपच बसला होता. मी पुढे जाऊन गाडीत वाकलो. दादा माझ्या पाठीमागे. मॅडम पुढच्या दिव्यापाशी उभ्या राहिल्या. हळूच मला म्हणाल्या, “मी बोट वर केलं की ‘ओढ’ म्हणून ओरडायचं. हलायचं मात्र नाही हं. वीज धरते तेव्हा माणसाला हलता येत नाही. ओरडता आलं तरी नशीब.”

बोट वर झालं.

“ओढ!” मी ओरडलो.

काही नाही. मागे कुणी हललं नाही. दादाच्या बुटांचा आवाज नाही, काठीचा नाही. मला माहीत होतं तो काय करतोय. माझ्या पाठीकडे बघत असणार, डोळ्यांत प्राण आणून, पापणीसुद्धा न लववता. बिचारा सगळी परीक्षा देत होता.

“ओढ!” मी पुन्हा ओरडलो. दोरीपाशी कुणीतरी चुळबुळलं. मॅडमनी भुवया वर केल्या. माझे दोन्ही हात त्या गार झाकणावर होते, आणि एका क्षणाला मला खरंच वाटलं की ते चिकटलेत. आजवर कितीदा मी त्याच्या भरवशावर गाडीखाली झोपलो असेन. असं एकटं मला कधी वाटलं नव्हतं.

“ओढ रे!” मी ओरडलो, आणि सोबत डावा पाय झाडला.

तत्क्षणी हुक कमरेत बसला. असा ओढला, असा ओढला की आम्ही दोघंही मागच्या मागे फरशीवर आपटलो, काठी एकीकडे, आम्ही एकीकडे. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मॅडम म्हणाल्या, “उशीर केलात, पण ताकद आहे हो! पुढच्या वेळी पहिल्या हाकेला.” आणि त्यांनी सहीसाठी पेन काढलं.

दादा उठला नाही. फरशीवर बसल्या बसल्या त्याने माझी हनुवटी धरून चेहरा स्वतःकडे वळवला.

“किती हाका मारल्यास?”

“एकच,” मी म्हटलं.

“छोट्या. माझ्याकडे बघून सांग.”

त्याच्यापासून तोंड लपवणं मला लहानपणीही जमलं नव्हतं. “तीन,” मी म्हटलं.

तो उठला. काठी उचलली, खिळ्यावर नीट टांगली, सरळ केली. मग मॅडमसमोर जाऊन उभा राहिला. “मॅडम, सही करू नका. मला ऐकू येत नाही. पंपाचं मी ह्याला डोळ्यांनी सांगायला लावलं, मीच. आत्ताही ह्याने पाय हलवला म्हणून ओढलं.” त्याने माझ्याकडे बोट दाखवलं. “उद्या हा खरंच चिकटला, तर मी मागे उभा राहून त्याची पाठ बघत बसेन.”

मॅडमनी पेन बंद केलं. मोठ्या कष्टाने केलं असावं. माझा परवाना मॅडमनी महिनाभरासाठी काढून घेतला. बरोबरच केलं, माझं काही म्हणणं नाही. मला वाईट वाटलं, रडू आलं, मोरीत जाऊन मी तोंड धुतलं. पण खरं सांगायचं तर मला हायसंही वाटलं. आता मागे तो नसेल, म्हणून. त्या हायसं वाटण्याचा मला अजून राग येतो.

दादा धुलाईला आहे आता. गाड्या धुतो, काचा पुसतो. परवा एक नवी इलेक्ट्रिक स्पोर्ट्स कार आली होती, तिला एक बटण होतं. दाबलं की स्पीकरमधून जुन्या इंजिनाचा आवाज येतो. गिऱ्हाईक कौतुकाने दाबून दाखवत होतं. दादाने माझ्याकडे पाहून विचारलं, “काय करतंय ते?” मी म्हटलं, “काही नाही. खेळतंय.” स्क्रूड्रायव्हर अजून त्याच्या खिशात असतो, तिथे कुणी मनाई करत नाही. एकदा तो पाण्याच्या पंपाला लावून, डोळे मिटून उभा असलेला मी पाहिला. बेअरिंग जायला आलंय म्हणाला. कुणी मनावर घेतलं नाही.

धुलाईपाशी जमीन लोखंडी जाळीची आहे, खालून पाणी जातं. धुवायची मुकी गाडी आत घ्यायच्या आधी मी तिथवर जातो. माझ्या कामात ते बसत नाही, तरी जातो. दादा पाठमोरा असतो, पाण्याची नळी हातात घेऊन. मी त्याला हाक मारत नाही. जाळीवर पाय आपटतो. ते त्याला पायातून कळतं, आणि तो पहिल्याच वेळेला वळतो.